विहीणबाई व्होल्गाकाठच्या

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. त्यांचे बरे होते. त्यांची विहीण फार तर सातारची नाहीतर सांगलीची असायची, आणि मानपानावरून रुसली तरी मराठीतून रुसायची! आता आपली मुले कोठे कोठे शिकायला जातात. वैद्यकीच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातली कितीतरी मुले रशियाची वाट धरतात. काही वर्षांनी मुलगा डॉक्टर होऊन परत येतो, आणि कधीकधी तो एकटा येत नाही. तेव्हा या दिवाळीला, फराळाचे ताट पुढे असताना, रशियन सून घरात आणण्याचा विषय काढला तर वाचक मंडळी मला हसणार नाहीत अशी आशा आहे.

आमच्या घरी हे कार्य गेल्या माघात झाले. नवरामुलगा माझ्या धाकट्या बहिणीचा. मुलगी व्होल्गा नदीच्या काठच्या त्वेर गावची. याद्यांची वही माझ्याकडे होती, म्हणून चार गोष्टी अधिकाराने सांगते.

त्वेर हे नाव ऐकून बहिणीने आधी कपाळालाच हात लावला. पण त्वेरची आणि आपली ओळख आजची नाही. अफानासी निकितीन नावाचा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात घोडा विकायला म्हणून आपल्या चौल बंदरात उतरला होता आणि त्याने एक पावसाळा जुन्नरला काढला होता. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. ‘परदेसी’ हा १९५७ सालचा नर्गिसचा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला. पुढे १९४५ साली आपल्या देविकाराणींनी स्वेतोस्लाव रोरिक या रशियन चित्रकाराशी लग्न केले आणि संसार बंगलोरकडे थाटला. म्हणजे वाट मळलेली आहे, फक्त वर्दळ कमी.

आणि वर्दळ कमी का, तेही सांगते. १९४७ साली सोव्हिएत सरकारने आपल्या नागरिकांना परदेशी माणसाशी लग्न करायलाच बंदी केली होती. स्टालिन गेल्यावर, १९५३ मध्ये, ती उठली. तरी खुद्द स्टालिनच्या मुलीला, स्वेतलानाला, आपल्या ब्रजेश सिंगांशी लग्न नोंदवू दिले नाही ते नाहीच. ते १९६६ साली मॉस्कोत वारले आणि ती त्यांच्या अस्थी घेऊन भारतात आली. हे आठवले की नोंदणी कचेरीतल्या खेपांचा कंटाळा करायची लाज वाटते.

आधी कागद, मग अक्षता

पहिली गोष्ट कायद्याची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो दोन्ही पक्ष त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असतील तरच लागू. मुलगी ख्रिस्ती असेल तर गुरुजींनी सातही पावले चालवली तरी कायद्याच्या दृष्टीने लग्न झाले असे होत नाही. त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. नोटीस दिली की तीस दिवस ती कचेरीत लागते, हरकत आली नाही तर मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. मुलगा एकवीस पुरा, मुलगी अठरा पुरी. मुलीने आपण अविवाहित असल्याचा दाखला तिकडून आणायचा, त्यावर ‘अपॉस्टिल’ नावाचा शिक्का घ्यायचा आणि भाषांतर करून घ्यायचे. पाहुण्या मुलीच्या व्हिसाची मुदत या हिशेबात आधी बसवा आणि मग कार्यालय ठरवा. आमच्याकडे कार्यालयाची घाई चालली होती. मी वही मिटून बसले आणि दाखला आल्यावरच उघडली.

रशियन माणसांना यात काही नवल वाटत नाही. क्रांतीनंतर, १९१७ च्या डिसेंबरातच, तिकडे सरकारी नोंदीचेच लग्न खरे असे ठरले. नोंदणी कचेरीला ते ‘झाग्स’ म्हणतात. कचेरी म्हणजे धूळ आणि फायली, ही कळा लोकांना रुचेना, म्हणून १९५९ साली लेनिनग्राडला पहिला ‘विवाह-महाल’ उघडला. झुंबरे, जिना, वाद्यवृंद, सगळे सरकारी! तिथली अंगठी उजव्या हातात घालतात, डावीकडे नव्हे. हे ऐकून आमच्या काकूंना फार बरे वाटले. शुभकार्याला उजवाच हात, हे रशियातसुद्धा कळते म्हणायचे.

चर्चमधले लग्न मात्र आमच्या वाटेला आले नाही. तिकडच्या चर्चमध्ये वधूवरांच्या डोक्यावर मुकुट धरतात, एकाच पेल्यातून तीन वेळा घोट घेतात आणि चौरंगासारख्या उंच मेजाभोवती तीन फेरे घालतात. वर्णन ऐकून वाटते की हे तर आपलेच. पण बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला ते मुकुट मिळत नाहीत. मुलाने धर्म बदलावा असे कोणी म्हटले नाही, मुलीने बदलावा असेही नाही. तेवढे ठरले आणि निम्मे भांडण मिटले.

मे महिना आणि पिवळी फुले

मुहूर्ताला बसलो. बहिणीचा आग्रह मे महिन्याचा. मुलांना सुट्ट्या, आंबे, सगळी भावंडे मोकळी. मुलीच्या आईने तिकडून कळवले, मे नको. रशियन भाषेत ‘मे’ आणि ‘सोसत राहणे’ हे शब्द एकसारखे ऐकू येतात. मे महिन्यात लग्न केलेला जन्मभर सोसतो, अशी म्हणच आहे. बरे, मार्गशीर्ष घ्यावा तर २८ नोव्हेंबरपासून त्यांच्या नाताळाचा उपास सुरू. तो ७ जानेवारीच्या नाताळापर्यंत, कारण त्यांच्या चर्चचे पंचांग जुने आहे. चर्चमध्ये लग्न नसले तरी मुलीची आजी उपासात लग्नाचे जेवण जेवणार नव्हती. आपण चातुर्मासात कार्य काढत नाही, मग त्यांच्या उपासाला नाके का मुरडायची? दोन पंचांगे शेजारी ठेवली आणि माघातला एक रविवार दोन्हीकडे मोकळा सापडला. शुक्रवारी सह्या, रविवारी अक्षता.

मग रंगांचा घोळ. रशियात पिवळी फुले म्हणजे ताटातूट. प्रेमाच्या माणसाला ती देत नाहीत. आणि आपल्याकडे मांडवभर झेंडू, अंगभर हळद, नवरीला पिवळी अष्टपुत्री! शिवाय मोती म्हणजे अश्रू अशी तिकडे जुनी समजूत, आणि आपण मुंडावळ्या बांधतो त्या मोत्यांच्याच. उलट त्यांची नवरी पांढऱ्या झग्यात, आणि पांढरे पाहून इकडच्या आत्याबाईंचा जीव खालीवर. फुलांचा आकडासुद्धा पाहावा लागतो. जिवंत माणसाला फुले विषम द्यायची, सम फुले मयताला. डझनभर गुलाब घेऊन विमानतळावर जाऊ नका, अकरा न्या. हे मात्र आपल्याला पटायला सोपे, कारण आपण आहेर एकशे एकच करतो.

यावर माझा उपाय साधा होता. प्रत्येक गोष्ट आधी पत्राने कळवायची, अर्थासकट. हळद म्हणजे फूल नव्हे, अंगाला लावायचे सोने, असे मी लिहिले. मुंडावळ्या गुलाबाच्या बांधल्या. झग्याचे उत्तर त्यांच्याकडूनच आले. मुलीच्या आईने लिहिले की तुमचा लाल शालू आम्हाला परका नाही. आमच्या खेड्यापाड्यातल्या नवऱ्या पूर्वी लालच नेसत, पांढरा झगा शहरातून नंतर आला. जुन्या रशियन भाषेत ‘लाल’ आणि ‘सुंदर’ यांना शब्दही एकच होता. मॉस्कोच्या लाल चौकाचे नाव खरे म्हणजे सुंदर चौक. तेव्हा सकाळी शालू आणि संध्याकाळी झगा, असे ठरले. वेणीचे तेवढे गमतीचे. तिकडे कुमारिकेची एक वेणी, आणि लग्नात ती सोडून दोन घालायच्या. आमच्या मुली म्हणाल्या, “अगंबाई, म्हणजे लग्न झाले की शाळेत जायचे!”

कानपिळी, उखाणा आणि ‘गोर्को’

रशियन लग्नात नवरा मुलीला न्यायला आला की मैत्रिणी जिन्यातच अडवतात. प्रत्येक मजल्यावर कोडे, गाणे, नाहीतर दंड. याला ‘वीकुप’ म्हणतात, म्हणजे नवरी सोडवून नेणे. आमच्या इमारतीला तीन मजले आहेत, ते कारणी लागले. दुसऱ्या मजल्यावर नवऱ्याला सासूचे पूर्ण नाव न चुकता तीनदा म्हणायला लावले. आपल्याकडे कान पिळायला भाऊ लागतो. मुलीला भाऊ नाही. शेजारच्या तीन पोरांनी आपणहून हक्क सांगितला आणि डॉक्टरसाहेबांचा कान लाल केला. आजीबाई ते पाहून टाळ्या वाजवत होत्या.

खरी काळजी होती ती जेवणाच्या वेळची. तिकडे पंगत बसली की पाहुणे एकदम ओरडू लागतात, “गोर्को! गोर्को!” म्हणजे कडू. पेल्यातले कडू लागते आहे, ते गोड करा, असा अर्थ. आणि ते गोड करायचे म्हणजे वधूवरांनी उभे राहून सर्वांदेखत चुंबन घ्यायचे. पाहुणे मोठ्याने आकडे मोजतात! हे ऐकल्यावर मेहुण्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले ते अर्धा तास खाली केले नाही.

मी भाच्याला विचारले, तुम्हा दोघांना काय हवे? तो म्हणाला, “मावशी, तिच्या माणसांनी गोर्को म्हटले नाही तर त्यांना लग्न झाल्यासारखेच वाटणार नाही.” मग मी विचार केला की आपण तरी काय करतो? “नाव घ्या, नाव घ्या!” म्हणून दहा बायका नवरीभोवती कोंडाळे करतात आणि ती लाजून लाल होईपर्यंत सोडत नाहीत. लाजणाऱ्या दोघांकडून प्रेमाची कबुली सर्वांसमक्ष वसूल करायची, हीच दोन्हीकडची रीत. त्यांची ओठांनी, आपली यमकाने. शेवटी तडजोड झाली. गोर्कोचा पुकारा झाला की नवऱ्याने मुलीच्या कपाळाचे चुंबन घ्यायचे आणि तिने मराठीत उखाणा घ्यायचा. तिने चार उखाणे पाठ केले होते. ‘ळ’ काही जमला नाही, पण टाळ्या तिलाच जास्त. आणि मेहुण्यांनी, वर्तमानपत्र नसल्यामुळे, सगळे पाहिले.

दारूचे विचाराल तर आपल्या राज्यात ती प्यायलाही परवाना लागतो, आणि आमच्या घरात तर परवाना असूनही मिळाली नसती. रशियन पंगतीला एक सूत्रधार असतो, ‘तमादा’. तो एकेका वडीलधाऱ्याला उभे करून दोन शब्द बोलायला लावतो आणि मग पेले उचलतात. मी चौकशी केली तेव्हा कळले की त्या दोन शब्दांना मान आहे. पेल्यात काय आहे याला तितका नाही. आम्ही कोकम सरबत भरले. आजीबाई म्हणाल्या, आमच्याकडे रानातल्या आंबट फळांचे असेच लाल सरबत करतात. एक पेला खाली पडून फुटला तेव्हा पाहुणे आनंदाने ओरडले, कारण तिकडे काच फुटणे शुभ. इकडच्या बायका चमकल्या. मी म्हटले, “अहो, फुटली नाही, वाढली म्हणा!” बांगडीला आपण तेच म्हणतो की नाही?

शब्द एक, रीत निराळी

आता जे सांगायचे ते जरा जपून सांगते. मुलीच्या आई एकट्या. वडील ती शाळेत असतानाच वारले. गुरुजी चांगले होते, पण त्यांनी विचारले, “कन्यादानाला कोण जोडपे बसणार?” अशा वेळी इकडचे एखादे जोडपे मुलीला मानसकन्या करून घेते आणि दान करते. आमच्यातले तीन जोड तयारही होते. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “माझी आई इतक्या लांबून येणार. मग मला दुसऱ्या कोणी का द्यायचे?”

बहीण गप्प झाली. ती दुष्ट नाही. तिला फक्त आपल्या मुलाच्या कार्यात काही अशुभ व्हायला नको होते. आणि मी काय बोलणार? अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हापासून मी स्वतः हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात काम काढते. कोणी हाकलत नाही. आपणच उठायचे असते.

रशियन भाषेत नात्याचे शब्द मोठे जवळचे आहेत. दिराला ‘देवेर’ म्हणतात, आपला संस्कृतातला ‘देवर’. सासूला ‘स्वेक्रोव्ह’, म्हणजे ‘श्वश्रू’. विहिणीला इंग्रजीत शब्द नाही, त्यांच्याकडे आहे, ‘स्वात्या’. आणि ज्या बाईचा नवरा गेला तिला म्हणतात ‘व्दोवा’. विधवा. तोच शब्द, हजारो वर्षे तिकडे राहिलेला. तिकडची रीतही फार उदार होती असे नाही. वधूवरांच्या स्वागताला जो नक्षीचा पाव करतात, ‘करावाय’, तो मळायला पूर्वी तिकडेही सवाष्णीच लागत. पण आईचा आशीर्वाद कोणी काढून घेतला नाही. मुलगी घरातून निघताना आई देवीची तसबीर हातात घेऊन तिला आशीर्वाद देते, आणि ती तसबीर मुलीबरोबर नव्या घरी जाते.

हे वाचून मी उठले आणि बहिणीच्या माजघरात गेले. देव्हाऱ्यात तिची अन्नपूर्णा होती, आमच्या आईने लग्नात दिलेली. आपली मुलगीही गौरीहरापुढे बसते आणि माहेरची अन्नपूर्णा घेऊन सासरी येते. मी म्हटले, “अगं, ही तेच आणते आहे. हिच्या आईच्या हातून यायला हवे ना?” बहीण अन्नपूर्णेकडे पाहत राहिली. मग तिनेच गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, यजमानपद आईने घेतले तर मंत्रांना काही होत नाही. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य करू लागून कित्येक दशके झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ठराव करून विधवांच्या जुन्या प्रथा बंद केल्या, हेही त्यांनीच सांगितले. आम्ही उगाच त्यांना घाबरत होतो.

हळदीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे आत होते. विहीणबाईंनी मुलीकरवी विचारले, “या का येत नाहीत?” माजघर एकदम शांत झाले. मुलीने भाषांतर करायचे म्हणून केले, आवाज खाली घेऊन. बहिणीने वाटी उचलली, स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “ताई, चल. तुझ्या भाच्याला हळद लाव.” मी लावली. एवढेच झाले.

करावाय आम्ही दोघींनी मळला, विहीणबाईंनी आणि मी. भट्टी नाक्यावरच्या बेकरीची. वर कणकेच्या वेण्या आणि पाने, मध्ये मिठाचे भांडे. रविवारी संध्याकाळी दारात बहीण तो भरतकामाच्या पंच्यावर घेऊन उभी राहिली आणि शेजारी मी भाकरतुकडा घेऊन. वधूवर दारात आले की आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो, आणि ते भाकर पुढे करतात. दोघांनी पाव मोडून मिठाला लावला आणि एकमेकांना भरवला. ज्याचा घास मोठा तो घरचा कारभारी, अशी तिकडची समजूत. घास तिचा मोठा होता. मग तिने माप ओलांडले. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, हे दोन्हीकडच्या मंडळींना समजावून सांगावे लागले नाही.

राहता राहिले नाव. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव काढायची बहिणीची हौस होती. पण रशियन माणसाच्या नावात मधोमध बापाचे नाव असते, अगदी आपल्यासारखे. इव्हानची मुलगी ती इव्हानोव्ना. फरक इतकाच की लग्न झाले तरी ते बदलत नाही. आडनाव बदलेल, बापाचे नाव जन्मभर राहील. वडिलधाऱ्या माणसाला आदराने हाक मारतात तीही नाव आणि बापाचे नाव मिळून. ज्या मुलीजवळ वडिलांचे म्हणून एवढेच उरले आहे, तिच्याकडून ते कसे मागायचे? तांदळात बहिणीने तिचेच नाव काढले, वडिलांच्या नावासकट. आडनाव मात्र तिने आपणहून आमचे घेतले.

आता वहीतल्या शेवटच्या पानावरचे, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. लग्नाच्या दाखल्याच्या चार प्रती जास्त घ्या आणि रशियात लागेल त्या प्रतीवर अपॉस्टिल करून ठेवा. नोंदलेल्या लग्नाला सलग दोन वर्षे झाली की परदेशी जोडीदाराला ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. ती तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहा. पाहुण्यांना पहिल्या दिवशी मिरची कमी घाला. फुले विषम आणा. घरात जी कोणी हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात काम काढत असेल, तिला आधीच बोलावून ठेवा. विहीणबाई येऊन विचारीपर्यंत थांबू नका. आणि करावाय आदल्या दिवशी भाजून ठेवला तरी चालतो, फक्त फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो.